विरजणातली बांगडी

दोन हजार चाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात मिरजेपासून सोलापूरपर्यंत दूध विरजायचंच विसरलं. संध्याकाळी विरजण लावावं, सकाळी झाकण काढावं, तर आत दूधही नाही नि दहीही नाही असं काहीतरी पांचट बसलेलं. मोठ्या डेअऱ्यांच्या टाक्यांची तीच गत. टँकरच्या टँकर नाल्यात ओतले. लग्नाच्या पंगतींत मठ्ठ्याच्या जागी लिंबू सरबत आलं आणि श्रीखंडवाले दुकानासमोर खुर्ची टाकून नुसते वारा घेत बसले.

मिरजेच्या गवळी गल्लीत चन्नाक्का मंडलेच्या दुकानात मात्र दही लागत होतं. परात कलती केली तरी जागचं हलायचं नाही, असं.

चन्नाक्काला त्याचं नवल वाटलं नाही. लोकांना नवल वाटतं याचाच तिला राग आला. दारासमोरच्या रांगेला वाढता वाढता ती सुनावायची, "लागंल न्हाई तर काय करंल? माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलेलं विरजण हाय. आमच्या घरनं कुणी वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात गेलं न्हाई. तुम्ही विकतच्या विरजणाच्या पुडीवर संसार केलासा. आता पुडी मेली, तर बसा सुतकात."

लोक हसून घ्यायचे. दही हवं होतं ना.

चन्नाक्का शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. बसची पाटी वाचता यायची, तेवढ्यावर तिचं कधी अडलं नाही. नवरा गेल्यावर गोठा, दुकान, दोन मुलींची लग्नं सगळं तिनं जिभेच्या आणि मनगटाच्या जोरावर रेटलं. आता म्हशींच्या गळ्यात पट्टे आले होते. जनावराला कणकण आली तरी पट्टा मुलाच्या, सिद्धूच्या, फोनवर बोलायचा. चन्नाक्का पट्ट्याच्या आधी म्हशीच्या नाकाला हात लावायची, आणि पट्टा चुकला की दिवसभर खूष असायची.

घरात तिचे दोन कायदे होते. पहिला विरजणाच्या गाडग्याचा. ते स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, फडक्याखाली. लेक सासरी निघाली की त्यातलं विरजण मातीच्या बोळक्यातून तिच्या ओटीत जायचं. घरात आलेल्या सुनेनं मात्र पहिलं मूल होईपर्यंत त्या गाडग्याला हात लावायचा नाही. का, ते कुणी विचारलं नव्हतं. चन्नाक्कानं स्वतः ते पाळलं होतं. दोन बाळंतपणं वाया गेली, तेव्हा सासू तिच्या डोळ्यांदेखत कोनाड्यापुढं पाठ करून उभी राहायची. पुढं शैला जन्मली. बाराव्या दिवशी सासूनं गाडगं हातात दिलं, तेव्हा चन्नाक्काचे हात असे कापले की फडकं खाली पडलं.

दुसरा कायदा रवीचा. घरात रवी एकच. सागवानी, दांडा हाताळून काळा कुळकुळीत झालेला. दोन रव्या आल्या की घर दोन झालंच म्हणून समजा, असं ती म्हणायची. आणि त्या रवीला साबण लावायचा नाही, लाकूड कडू होतं. पाण्यातून काढायची आणि खुंटीला टांगायची.

सून महादेवी या घरात आली त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. मूल झालं नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यापर्यंत सगळं करून झालं. तेव्हा महादेवी दूध तापवायची, कॅन धुवायची, शेण काढायची, भाकऱ्या थापायची; कोनाड्याला हात लावायची नाही. ज्या गाडग्याला हात लावायचा नाही त्यातलं दही दर वेळी सासूकडं मागून घ्यायचं, हे तिला पहिल्याच वर्षी जड जाऊ लागलं. चन्नाक्काही एकदा वैतागून म्हणाली होती, "ताटावर बसून तोंडाकडं काय बघतीस? तुझं तू लाव जा." सुनेनं ते ऐकलं. माहेरून विरजणाचं एक बोळकं आणलं, धान्याच्या कणगीमागं ठेवलं आणि आपल्या भाकरीपुरतं आपलं दही लावायला लागली. त्यावर नंतर कुणी काही बोललं नाही.

*

दुग्ध संशोधन केंद्राची गाडी गल्लीत आली ती सकाळच्या रांगेच्या वेळीच. तीतून एक पोरसवदा बाई उतरली. पाठीला पिशवी, हातात मिक्सरएवढं करड्या रंगाचं यंत्र. डॉक्टर रेहाना नायकवडी, असं तिनं नाव सांगितलं.

"डॉक्टर म्हंजे सुई टोचणार?"

"टोचणार, अक्का. पण तुमच्या दह्याला."

"रांगेत ये मग. दही सगळ्यांनाच पायजे."

रेहाना खरंच रांगेत उभी राहिली. ते चन्नाक्काला आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही. रांग सरल्यावर तिला दुकानाच्या कट्ट्यावर जागा दिली, ताक दिलं आणि म्हणाली, "आता सांग. आणि सरळ सांग, मला इंग्रजी लावू नको."

रेहानानं सरळ सांगितलं. दह्याच्या एका थेंबात गावाएवढी वस्ती असते, जिवाणूंची. दुधातली साखर खाऊन ते आंबट रस सोडतात, त्यानं दूध थिजतं. त्या जिवाणूंनाही साथी येतात. त्यांचा विषाणू त्यांच्याहून कितीतरी लहान. तो जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपला धागा आत सोडतो, आणि थोड्या वेळानं जिवाणू फुटून त्यातून शेकडो विषाणू बाहेर पडतात.

"डेअऱ्यांनी सगळ्यात चटपट काम करणारा एक जिवाणू निवडला आणि तोच पुड्यांत भरला. लोकांनीही घरचं विरजण सोडून विकतच्या दह्याचंच विरजण लावलं. सगळ्या मुलखाच्या दारांना एकाच किल्लीची कुलपं बसली, अक्का. विषाणूला ती किल्ली सापडली."

"आमच्या कुलपाला न्हाई सापडली."

"तेच बघायला आलेय."

तिनं यंत्र उघडलं. आत बोटभर लांबीच्या नळ्या गोल रचून ठेवलेल्या. चन्नाक्कानं आपल्या हातानं गाडग्यातलं दही दिलं. महादेवी मागच्या दारात कॅन घासत होती. घासणं चालू ठेवून ती ऐकत होती.

"यांच्या अंगाभोवती जाड भिंत असते," रेहाना म्हणाली. "आधी ती मऊ करायची. हा रस त्यासाठी. पूर्वी तो अंड्याच्या पांढऱ्यापासून काढायचे..."

चन्नाक्का उठली. "उचल. गाडीत जाऊन कर. आमच्यात अंडं उंबरा ओलांडत न्हाई."

"आता नाही काढत तसा. खमिरापासून बनवतात, इडलीच्या पिठासारखा आंबवून. शपथेवर."

"कुणाची शपथ?"

"माझ्या आईची. तीसुद्धा घरीच दही लावते. लावायची. गेल्या महिन्यापासून लागत नाही."

चन्नाक्का पुन्हा बसली. "पुढं?"

पुढं साबणाचं पाणी आणि क्षार. भिंत विरघळली की आतलं सगळं मोकळं होतं. प्रत्येक जिवाणूच्या पोटात एक फार लांब धागा असतो. तो त्याचं कूळ. एकाचे दोन होताना धाग्याची नक्कल होते, आईकडून लेकीला जाते. पण काहींच्या पोटात धाग्याशिवाय आणखी काहीतरी असतं: इवली, बंद, गोल कडी. शास्त्रात प्लाझमिड म्हणतात. दुधातली साखर कशी पचवायची, दुधाची प्रथिनं कशी फोडायची, विषाणू आला तर काय करायचं, असली कामाची गुपितं पुष्कळदा त्या कडीवर लिहिलेली असतात.

"आता यात आंबट मीठ घालते. लांब धाग्याला आपला आपण जुळता येत नाही, तो गुंतून त्याचा गोळा होतो आणि तळाला बसतो. कडी लहान. ती झटक्यात पूर्ववत होते आणि वरच्या निवळ पाण्यात राहते. ते पाणी काढून घ्यायचं, त्यात गार अल्कोहोल घालायचं..."

"म्हंजे दारू."

"म्हणजे दारू."

"बरं झालं माझी सासू मेली," चन्नाक्का म्हणाली.

यंत्र भिरभिरलं. रेहानानं नळी उजेडाला धरली. तळाशी पानाला लावायच्या चुन्याच्या ठिपक्याएवढं काहीतरी पांढरं चिकटलं होतं. चन्नाक्कानं डोळे बारीक केले. एवढ्याशासाठी हा सगळा खटाटोप, असं तिच्या तोंडावर आलं होतं, पण रेहानाचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. यंत्राच्या काचेवर एक हिरवं वर्तुळ उमटलं होतं आणि पोरीचे डोळे भरून आले होते.

"कात्री आहे यावर," रेहाना म्हणाली. "विषाणूनं धागा आत सोडला की ही कात्री त्याचे तुकडे करते. स्वतःच्या धाग्यावर खुणा करून ठेवते, म्हणजे तो कापला जात नाही. अशी कात्री आम्ही कुठंच पाहिलेली नाही. ही कडी आम्ही डेअरीच्या जिवाणूत घालू शकतो. नवी पुडी तयार होईल."

"घालणार कशी? शिवणार?"

"त्यांचे तेच घालतात. कडी लेकीला तर मिळतेच, पण शेजारीण अंगाला अंग लावून बसली तर तिलाही मिळते. एक जिवाणू दुसऱ्याला देतो."

"मग कडी काय म्हणतीस, बांगडीच की ती. एकीच्या हातातनं दुसरीच्या हातात." चन्नाक्का हसली. "आमच्यात कुणी कुणाला देत न्हाई. लेकींना सोडून."

मग रेहानानं तिला ती गोष्ट सांगितली, जिच्यापायी पुढचं सगळं झालं. केंद्राचा नवा नियम होता: ज्या घरात कडीचा उगम, त्या घराचं नाव पुडीवर. प्रत्येक पुडीवर, कायमचं.

चन्नाक्काच्या डोळ्यांपुढं पुडी आली. गोव्यापासून नागपूरपर्यंतच्या दुकानांत टांगलेली माळ, आणि प्रत्येकीवर मंडले. पाठ करून उभी राहणारी सासू, शेण काढता काढता गेलेला नवरा, आयुष्यभर मनगटापर्यंत दुधात बुडालेले हात, सगळं त्या एका शब्दात मावणार होतं.

"उगम सिद्ध करायला काय लागतं?"

"जुन्या फांद्या तपासाव्या लागतील. तुमच्या मुलींनी नेलेली बोळकी."

*

थोरल्या शैलाचा फोन लागायला वेळ लागला नाही. बोळक्याचं विचारल्यावर मात्र तिनं आधी तिकडचा पंखा बंद केला.

"बोळकं आहे गं, अव्वा."

"आणि विरजण?"

"ते... जरा..."

"जरा काय?"

"मेलं. चैत्रातच. धाकट्या रत्नाचंबी मेलं. तुला सांगू नको म्हणाली. तुला कळलं तर तू अथणीला येऊन तिच्या सासूसमोर तिला बोलशील म्हणून."

"आता दोघींना बोलते. विरजण मारलासा? माझ्या सासूच्या सासूचं?"

"अव्वा, सगळ्यांचंच मेलं."

चन्नाक्कानं फोन ठेवला. तिला रागाबरोबर दुसरंही काहीतरी वाटलं, जे तिला लागलीच ओळखता आलं नाही. एकच विरजण. मुलींचं मेलं. इथलं जगलं. पाणी वेगळं असेल, चारा वेगळा असेल. माझा हात असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि त्यावर ती निवांत झोपली.

रेहाना म्हणाली, मेलेलं असलं तरी चालेल, बोळक्याची माती खरवडून घेऊ. मुरलेल्या दह्यातला धागा वर्षानुवर्षं वाचता येतो. सिद्धू जाऊन दोन्ही बोळकी घेऊन आला.

*

निकाल घेऊन रेहाना आली तेव्हा दुपार कलली होती. कट्ट्यावर चन्नाक्का, शेजारी सिद्धू. महादेवी आतल्या दारात, पदरानं हात पुसत. रेहाना बसली नाही, आणि चन्नाक्काला तेवढ्यावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"धागा एकच आहे, अक्का. शैलाताईंच्या, रत्नाताईंच्या आणि तुमच्या गाडग्यातलं कूळ एकच. तुमच्या सासूबाईंच्या सासूबाईंचं, तुम्ही म्हणता तसं. ते खरं आहे."

"मग?"

"कडी मात्र मुलींच्या बोळक्यांत नाही. कधीच नव्हती. ती तुमच्या गाडग्यात नंतर आली. मुलींची लग्नं झाल्यावर."

"कुठनं आली? आभाळातनं?"

"दुसऱ्या कुठल्यातरी दह्यातून. दुसऱ्या कुळाच्या जिवाणूकडून." रेहानानं आवाज हळू केला. "घरात दुसरं दही लागतं का?"

सिद्धू म्हणाला, "छे. दुसरं कुठलं?"

महादेवीचे हात पदरात थांबले. चन्नाक्कानं तिच्याकडं पाहिलं, मग आत कणगीकडं. खोटं बोलणं सोपं होतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरत होतं. पण भर बाजारात मापाला माप देणाऱ्या बाईला ते जमलं नाही.

"लागतं," ती म्हणाली. "कणगीमागं. सुनेचं."

यंत्र पुन्हा भिरभिरलं. या खेपेला कुणी विनोद केला नाही. काचेवर हिरवं वर्तुळ उमटलं, तेच, खाचेला खाच जुळणारं.

सिद्धूचा चेहरा तापला. तो बायकोकडं वळला. "तू आईच्या गाडग्यात हात घातलास?"

"न्हाई."

"मग गेलं कसं?"

"मला ठावं न्हाई. मी त्या कोनाड्याखालचा केरसुद्धा अत्तींना विचारून काढते." महादेवीचा आवाज चढला नाही. सासूला त्या घरात अत्ती म्हणत, आणि तो शब्द ती नेहमीसारखाच मऊ म्हणाली. "खोटं वाटत असंल तर त्यांनाच विचारा."

सिद्धू पुन्हा तोंड उघडणार होता. "गप," चन्नाक्का म्हणाली.

तिची नजर खुंटीवर होती. खुंटीला रवी होती. ओली, नुकतीच पाण्यातून काढलेली. दुपारी जेवणं झाली की महादेवी आपलं उरलेलं दही घुसळून ताक करायची, याच रवीनं. मग पाण्यातून काढून टांगायची, साबण न लावता, जसं सांगितलं होतं तसं. आणि दिवेलागणीला दूध विरजायच्या आधी, गुठळ्या राहू नयेत म्हणून चन्नाक्का गाडग्यातलं विरजण मोडायची, याच रवीनं.

गाडगी दोन ठेवली होती. हात दोन ठेवले होते. रवी एकच ठेवली होती.

तिनं ते रेहानाला सांगितलं, एका दमात, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगतेय. रेहाना उठून रवीपाशी गेली, दांड्याखालच्या फुलाच्या खाचांत बोट घातलं, वास घेतला. "लाकडात मुरलंय," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं थोडं थोडं इकडून तिकडं जात राहिलं असणार. कडीची तेव्हा कुणाला गरज नव्हती, मोजक्या जिवाणूंनी ती पोटात वागवली. साथ आली तेव्हा तुमच्या गाडग्यातले बिनकडीचे सगळे मेले. ज्यांच्याकडं होती ते जगले, पुन्हा वाढले. कूळ तुमचंच वाचलं, अक्का. वाचवलं त्या बांगडीनं."

गोठ्यातून म्हशीच्या पट्ट्याची शिट्टी आली, तिकडं कुणी गेलं नाही.

पहिल्यांदा सिद्धूच बोलला. "मग काय बिघडलं? घरातलंच हाय की. मंडलेच लिवा."

"तुमच्या गाडग्यात कडी सापडली हे खरंच आहे," रेहाना म्हणाली. तिला म्हातारीची कीव आली होती आणि ते तिच्या आवाजात कळत होतं. "मी तेवढंच कळवलं तर कुणी पुढचं विचारणार नाही."

"लिवा अत्तींचंच," महादेवी म्हणाली. "मला नावाचं काय करायचंय."

कीव आणि दान, दोन्ही एकदम. चन्नाक्काला तोंडात मारल्यासारखं झालं.

"झालं सगळ्यांचं बोलून? आता माझं ऐका," ती म्हणाली. "मंडल्याच्या घरानं आजवर कुणाचं उसनं घेतलं न्हाई, आता नाव उसनं घेऊ? उद्या पुडी बघून लोक म्हणतील, वा चन्नाक्का. आणि मला रोज कणगीकडं पाठ करून झोपावं लागंल. डॉक्टरीण बाई, तू शिकलीस, पण अक्कल घरी विसरून आलीस. महादेवी, ते बोळकं तुला कुणी दिलं?"

"आज्जीनं. उमदीकडच्या वस्तीवरच्या."

"नाव काय तिचं?"

"भागव्वा."

"हाय का गेली?"

"गेली. मी इकडं आल्यावर दुसऱ्या वर्षी. तुम्ही जाऊ दिला न्हाईसा. म्हस व्यायली होती."

चन्नाक्काला ती म्हैस आठवली. रेडकू नर होतं हेसुद्धा आठवलं. सुनेची आजी गेल्याचं मात्र तिला आत्ताच कळल्यासारखं वाटत होतं.

"भागव्वा लिही," ती रेहानाला म्हणाली. "भागव्वाचं विरजण. आणि खाली नातीचं नाव. ठळक."

*

रेहाना गेली. सिद्धू म्हशीकडं गेला. चन्नाक्का कट्ट्यावर बसून राहिली. एवढं मोठं नाव आपण पुरतं देऊन टाकलं, याचा तिला आत कुठंतरी चांगलाच अभिमान वाटत होता, आणि ती वाट बघत होती. सून येईल, पाया पडेल, निदान चहा तरी विचारेल.

आतून कॅन घासल्याचा आवाज येत राहिला.

शेवटी ती स्वतःच उठून आत गेली. कोनाड्यावरचं फडकं काढलं. "महादेवी, उद्यापासनं विरजण तू लाव. घे. हात लाव याला."

महादेवीनं कॅन पालथा घातला. राखेचे हात धुतले. तिच्या बोलण्यात कसलाही काटा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"नको, अत्ती. मूल झाल्याबिगर हात लावायचा न्हाई म्हणालासा. झालं न्हाई. आता यंत्रानं सांगितलं म्हणून लावू?"

"मी सांगतीय."

"तुम्ही आज सांगतासा. एवढी वर्षं मी हितंच होते."

ती बादली उचलून मागच्या अंगणात निघून गेली.

चन्नाक्का गाडगं हातात धरून उभी राहिली. सुनेनं गाडगं मागितलंच नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. नावही मागितलं नव्हतं. आपण दोन्ही वेळा वरून दिलं, जसं दुकानाच्या कट्ट्यावरून रांगेला देतो तसं.

तिला सासू आठवली. बाराव्या दिवशी गाडगं देणारी. त्या दिवशी आपले हात कापले ते आनंदानं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. आनंद नव्हता तो. वाया गेलेल्या दोन बाळंतपणांचा राग होता, आणि तो कुणावर काढावा ते तेव्हा कळलं नव्हतं. पुढं सून आली.

ऊन परसातल्या भिंतीवर चढलं. दिवेलागण जवळ आली होती. विरजण मागायचं तर दिवा लावायच्या आत मागायचं, नंतर कुणी देत नाही. आणि मागणारीनं वाटी रिकामी आणायची नाही, तळाला थोडं दूध घालून आणायची. गल्लीतल्या बायका तिच्या दारात अशाच आल्या होत्या, आयुष्यभर. तिनं त्यांच्या वाट्यांत डोकावून पाहिलं होतं, दूध कमी असलं तर बोलूनही दाखवलं होतं.

चन्नाक्कानं गाडगं कोनाड्यात ठेवलं. फळीवरची पितळी वाटी काढली, पदरानं पुसली. तळाला दूध घातलं. मग थोडं आणखी घातलं.

महादेवी चुलीपाशी होती. पातेल्यातलं दूध खाली उतरवून तिनं कणगीमागचं बोळकं बाहेर काढलं होतं. सासूची सावली पडली तशी तिनं मान वर केली. वाटी पाहिली. त्यातलं दूध पाहिलं.

"विरजण देतीस का थोडं?" चन्नाक्का म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"तुमच्या गाडग्यात हाय की, अत्ती. काठोकाठ."

"हाय."

"मग?"

"मागतीय," चन्नाक्का म्हणाली. "तुझ्याकडं."

बाहेर सिद्धू कुणाशी तरी बोलत होता. दिवा लावा म्हणून शेजारून हाक आली आणि विरली. महादेवीनं बोळक्यावरचं झाकण काढलं. पळी हातात घेतली. पातेल्याला बोटाच्या पेरानं बाहेरून शिवून बघितलं, आणि पळी परत खाली ठेवली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "दूध अजून ऊन हाय. निवलं की दोघींचं लावू."

चन्नाक्का वाटी दोन्ही हातांनी धरून चुलीपाशी उभी राहिली आणि दूध निवायची वाट बघू लागली.